सायलेन्सर फुटतो तेव्हा

गोष्ट जुलै महिन्यातली. रत्नागिरीला विज्ञान शिक्षकांची दोन दिवसांची कार्यशाळा आटोपून आम्ही तिघे कोल्हापूरला परतत होतो. गाडी आमच्यापैकीच एकाची, बारा वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी. साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागलो तेव्हा पाऊस कोसळत होता. साऱ्या काचा बंद होत्या. बाहेरची ओली हवा नको म्हणून पंख्याची कळ आतलीच हवा फिरवण्यावर ठेवली होती. निम्मा घाट चढून झाला असेल, तोच मागे बसलेल्या आमच्या सहकारी बाई म्हणाल्या की डोके जड झाले आहे आणि मळमळतही आहे. घाटात गाडी लागते, त्यात नवल ते काय? आम्ही त्यांना आवळासुपारी दिली आणि पुढे निघालो.

आंबा गावापुढे एका गतिरोधकावर गाडी जराशी आपटली आणि त्याच क्षणी तिने ट्रॅक्टरसारखी डरकाळी फोडली. इंजिन गेले, असेच प्रथम वाटले. गाडी कडेला घेतली. पण तापमानाचा काटा जागेवर होता, तेलाचा दिवा लागलेला नव्हता आणि ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नेहमीसारखेच उसळत होते. म्हणजे इंजिन पूर्वीचेच होते, फक्त त्याचा आवाज आता वेगळ्या वाटेने आमच्यापर्यंत पोचत होता. वाकून पाहिले तो मागचा सायलेन्सर एका बाजूने खाली लोंबत होता. डिकीतल्या तारेने तो कसाबसा वर बांधला, काचा उघडल्या आणि भिजत, गर्जत मलकापूर गाठले.

तिथल्या मिस्त्रींनी गाडीखाली न वाकता आधी नुसते ऐकले. इंजिन चालू ठेवायला सांगून त्यांनी दोनदा ॲक्सिलरेटर द्यायला लावला. मग मागच्या खिडकीत डोकावून विचारले, “साहेब, मागं बसल्यात त्यांचं डोकं दुखतंय काय?”

या प्रश्नाने आम्ही चमकलो. आवाज ऐकून पाइप फुटल्याचे कळणे समजण्यासारखे आहे, पण डोकेदुखी कशी कळावी? तिघेही विज्ञानाचे पदवीधर, त्यातले दोघे डॉक्टरेट मिळवलेले, आणि दोन तास आम्ही त्या दुखण्याला ‘गाडी लागली’ म्हणत आलो होतो. मिस्त्रींच्या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी सायलेन्सर करतो काय, हे आधी पाहायला हवे.

आवाज कुठून येतो?

चार टप्प्यांचे इंजिन आपण वर्गात शिकवतो. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन हे शब्द विद्यार्थ्यांना पाठही असतात. पण चौथ्या टप्प्याच्या आकृतीत दट्ट्या जळलेला वायू शांतपणे बाहेर ढकलत असल्याचे दिसते, ते खरे नाही. निकासाची झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या तीन-चार पट असतो. दट्ट्याने ढकलण्याआधीच वायूचा एक लोट आपल्याच जोराने बाहेर फुटतो. फुग्याला टाचणी लावल्यावर होते तसेच हे. म्हणजे इंजिनाचा प्रत्येक निःश्वास हा एक छोटा बार असतो.

हे बार किती होतात? गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते असे धरू. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा वायू सोडतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चार सिलिंडरांचे मिळून १,६०० बार झाले, सेकंदाला सुमारे २७. इंजिन ३,००० फेऱ्यांवर गेले की सेकंदाला १००. ही झाली आवाजाची मूळ वारंवारता. शिवाय तिच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींचे स्वरही त्यात मिसळलेले असतात.

हा आवाज दाबून टाकायचा, पण वायूची वाट मात्र अडवायची नाही, असे सायलेन्सरचे अवघड काम आहे. नळीत बोळा कोंबला तर आवाज थांबेल खरा, पण इंजिनही थांबेल. यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. अरुंद नळी एकदम रुंद कोठीत उघडली की ध्वनिलहरीचा बराच भाग त्या तोंडावरून मागे परावर्तित होतो. कोठी संपून पुन्हा अरुंद नळी लागते तिथेही असेच होते. या परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींशी व्यतिकरण पावतात. वायूचा सरळ प्रवाह पुढे निघून जातो आणि दाबाचे हेलकावे मागे राहतात. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० व्या नियमातही सायलेन्सरची व्याख्या करताना ‘प्रसरण कोठी किंवा अन्य मार्गाने’ आवाज कमी करणारे साधन असेच म्हटले आहे. कायद्याच्या पुस्तकात ध्वनिशास्त्र असे अवचित भेटते.

नळीचा व्यास ४ सेंटिमीटर आणि कोठीचा १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर १६ होते. अशी एक कोठी आवाज जास्तीत जास्त १८ डेसिबेलने उतरवते, म्हणजे पलीकडे जाणारी ध्वनिऊर्जा सुमारे एक चौसष्टांश उरते. पण हे सर्व स्वरांना सारखे लागू नाही. कोठीची लांबी तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असेल तेव्हा परिणाम सर्वांत अधिक, आणि निम्मी असेल तेव्हा जवळजवळ शून्य. जळलेला वायू तापलेला असल्यामुळे त्यात ध्वनीचा वेगही जास्त असतो. ४०० अंश सेल्सियसला तो सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास असतो. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी मग ५ मीटर झाली. तिचा चौथा हिस्सा सव्वा मीटर. एवढी कोठी गाडीखाली बसवायची कुठे?

म्हणून सायलेन्सरच्या डब्यात एक कोठी नसते. आडव्या पडद्यांनी तीन-चार कप्पे केलेले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्यांना बारीक भोके पाडलेली असतात. त्यातला एखादा कप्पा एका आखूड नळीने जोडलेला बंद कप्पा असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकल्यावर जो घुमारा येतो, तेच तत्त्व इथे उलटे वापरलेले असते. कप्पा आपल्या ठरावीक स्वराला हेलकावे घेऊ लागतो आणि नळीतला तोच स्वर खाऊन टाकतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा अनुनादकांच्या साह्याने संगीतातील स्वरांचे पृथक्करण केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १८६३ सालचा, म्हणजे मोटारीच्याही आधीचा. वरच्या पट्टीच्या स्वरांसाठी काही डब्यांत काचतंतूंचे अस्तर भरतात. त्या तंतूंत लहरींची ऊर्जा घर्षणाने उष्णता होऊन जिरते.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग इथेच सांगून ठेवतो. एक इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे घ्यावेत. सुमारे १० सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर लांबीची प्लास्टिकची बरणी घेऊन तिच्या तळाला व झाकणाला पाइप घट्ट बसतील अशी भोके पाडावीत, फटी मेणाने बुजवाव्यात. एका टोकाशी मोबाइल फोनचा ध्वनिक्षेपक कापडात गुंडाळून धरावा. ठरावीक वारंवारतेचा स्वर देणारे ॲप सहज मिळते. दुसऱ्या टोकाशी कान. ४३० हर्ट्झच्या आसपास आवाज चांगलाच बसलेला आढळेल आणि ८६० च्या आसपास तो बराचसा पलीकडे येईल. ४३० हर्ट्झची तरंगलांबी हवेत ८० सेंटिमीटर असते, तिचा चौथा हिस्सा २० सेंटिमीटर, हे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. पाइपांचे स्वतःचे अनुनाद मध्ये लुडबुड करतात, म्हणून आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. त्याने गोंधळून जाऊ नये. मग बरणीच्या अलीकडच्या, म्हणजे फोनकडच्या पाइपला खिळ्याने एक भोक पाडावे आणि कान त्या भोकाजवळ न्यावा.

एक टक्क्याचा हिशोब

भोक लहान असूनही आवाज एवढा का वाढतो, हा प्रश्न यानंतर विद्यार्थी विचारतातच. उत्तर साध्या अंकगणितात आहे. सगळी यंत्रणा मिळून आवाज ३० डेसिबेलने उतरवते असे धरा. म्हणजे हजार भाग ध्वनिऊर्जेपैकी एक भाग बाहेर येतो. आता सायलेन्सरच्या अलीकडे एक चीर पडली आणि तिच्यातून एकूण ऊर्जेच्या फक्त एक टक्का निसटला. एक टक्का म्हणजे हजारातले दहा भाग. पूर्वी एक भाग ऐकू येत होता, आता अकरा. ९९ टक्के ऊर्जा अजून योग्य वाटेनेच जात असूनही बाहेरचा आवाज दहा डेसिबेलहून अधिक चढला. कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. आणि पाइप पुरताच तुटला तर ३० डेसिबेलचे सारे कष्ट एका झटक्यात वाया जातात.

आवाज अचानक का वाढतो, तेही यातूनच कळते. पत्रा वर्षानुवर्षे आतून झिजत असतो, पण जोवर तो आरपार जात नाही तोवर आवाजात काहीच फरक पडत नाही. आरपार झाला की पहिल्या काही मिलिमीटरांतच मोठा फरक पडतो. बिघाड जुना असतो, बातमी मात्र त्या दिवशी येते.

कानाने निदान

मिस्त्रींनी न वाकता जे ओळखले, त्यामागे असाच हिशोब आहे, जरी त्यांनी तो कधी कागदावर मांडला नसला तरी. इंजिनाला लागूनच ओतीव लोखंडाचा एक फाटा असतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. चार सिलिंडरांच्या चार वाटा तिथे एकत्र येतात. या फाट्याच्या गॅस्केटमधून एका सिलिंडरची वाट गळत असेल, तर सेकंदाला ४०० भागिले ६०, म्हणजे सहा-सात ठोके ऐकू येतात. इतके सुटे ठोके कान वेगवेगळे ऐकू शकतो. म्हणून तो आवाज ‘टक्-टक्-टक्’ असा येतो. वाटा एकत्र झाल्यानंतरच्या पाइपला भोक असेल तर तेच ठोके सेकंदाला २७ होतात. सेकंदाला सुमारे २० च्या पुढे कान ठोके मोजणे सोडून देतो आणि त्यांचा सलग स्वर ऐकतो. म्हणून मागचा बिघाड ‘घर्र’ असा घुमतो. पुढे की मागे, याचा निवाडा अशा रीतीने निम्मा कानानेच होतो.

टक्-टक् सकाळी थंड इंजिनावर येऊन दहा मिनिटांनी आपोआप बंद होत असेल, तर मॅनिफोल्डला बारीक तडा आहे किंवा गॅस्केट सैल आहे, असे समजावे. धातू तापून प्रसरण पावतो आणि फट मिटते. आवाज गेला म्हणून पुष्कळजण निश्चिंत होतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा हजर असतो. बोनेटच्या मागल्या बाजूने, गाडी ओढ घेताना भसाभसा आवाज आला तर इंजिनालगतची जाळीदार लवचीक नळी पाहावी. इंजिन रबरी उशांवर हेलकावत असते आणि तो हेलकावा मागच्या पाइपला लागू नये म्हणून ही नळी असते. वर्षानुवर्षे वाकून-वाकून ती थकते. कुठेच भोक नाही, तरी आवाज पोकळ, डबा वाजवल्यासारखा येत असेल, तर डब्याच्या आतले पडदे गंजून सुटलेले असतात. नुसती पत्र्याची खडखड असेल तर बहुधा उष्णतेची आडपत्री सैल झालेली असते. तिला गळतीचा मान देण्याचे कारण नाही.

जागा नक्की करायची असेल तर इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी, एकाने शेपटीच्या नळीच्या तोंडाशी जाड ओले फडके क्षणभर दाबून धरावे आणि दुसऱ्याने बाजूने ऐकावे. आत दाब वाढतो आणि गळती फुसफुसते. सायकलच्या ट्यूबमध्ये पंक्चर शोधतो तसे साबणाचे पाणी लावले तर बुडबुडेही दिसतात. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे टोक पाइपलगत फिरवणे हा डॉक्टरी उपाय मिस्त्रींच्या आवडीचा. सांध्यांभोवती काजळीचा काळा फराटा दिसला तर ऐकण्याचीही गरज नाही. दोन गोष्टी मात्र निक्षून सांगायला हव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. आणि हे सारे बंद गॅरेजमध्ये करू नये. कारण पुढे येईलच.

आमचा पाइप का तुटला?

आमच्या गाडीचा पाइप मागच्या सीटच्या खाली, सायलेन्सरच्या डब्याला लागणाऱ्या वेल्डिंगपाशी तुटला होता. मिस्त्रींनी तुटलेली कड दाखवली. तिचा तीन-चतुर्थांश भाग तपकिरी, जुना, काजळीने माखलेला होता आणि उरलेली एक पट्टी मात्र ताजी, चकचकीत. म्हणजे चीर कधीपासूनच होती. गतिरोधकाने शेवटची पट्टी तोडली एवढेच.

यातल्या पहिल्या दोषाचे मूळ पेट्रोलच्या रसायनशास्त्रात आहे. पेट्रोलला ऑक्टेन मानून समीकरण लिहिले तर ११४ ग्रॅम इंधनापासून १६२ ग्रॅम पाणी तयार होते. लिटरचा हिशोब केला तर एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी बनते. ऐकणाऱ्याला हे खरे वाटत नाही, पण विद्यार्थ्यांना गणित करायला लावावे. हे पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते खरे, पण पाइपचे तापमान सुमारे ५० अंशांच्या खाली असेल तर तिथे ते सांदते. सर्वांत शेवटचा म्हणून मागचा डबा सर्वांत उशिरा तापतो. आमच्या सहकाऱ्यांची गाडी रोज घरापासून प्रयोगशाळेपर्यंत तीन किलोमीटर जाते आणि संध्याकाळी तितकीच परत येते. त्या अंतरात पाव लिटर पेट्रोल जळते आणि जवळपास तेवढेच पाणी तयार होते. त्यातले जे डब्यात साचते ते वाळण्याइतका डबा कधी तापतच नाही. त्यात विरघळलेली थोडीफार आम्ले वेगळी. डबा आतून गंजत जातो, वरून रंग शाबूत असतो. रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीचा सायलेन्सर कमी चाललेल्या घरगुती गाडीपेक्षा जास्त टिकतो, याचे रहस्य हेच. कोकण किनाऱ्यावर खारी हवा बाहेरूनही हातभार लावते. बऱ्याच डब्यांना खालच्या बाजूला पाणी गळायला एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते बिघाड समजून बुजवणारेही आम्ही पाहिले आहेत.

दुसरा दोष वेल्डिंगचा. आमच्या पाइपच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा लेप होता. वेल्डिंगच्या उष्णतेने तो लेप जळतो आणि सांध्याच्या कडेची पट्टी उघडी पडते. गंज तिथून सुरू होतो. भिंतीची जाडी निम्मी झाली की तेवढ्याच वजनाने येणारा ताण दुप्पट होतो.

तिसरा दोष सर्वांत स्वस्त वस्तूचा. एक्झॉस्टची सगळी नळी रबरी कड्यांवर टांगलेली असते, घट्ट आवळलेली नसते. तीन मीटर पोलादी पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला तर सुमारे ११ मिलिमीटर लांब होतो. तो आवळला असता तर रोज स्वतःलाच मोडत राहिला असता. आमच्या गाडीचे मागचे एक रबर तुटले होते. त्यामुळे पाच-सहा किलोंचा डबा त्या गंजलेल्या सांध्यावर दांड्याच्या टोकाला लटकणाऱ्या घागरीसारखा लोंबकळत होता. दोन आठवड्यांपूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये तेल बदलायला गेली होती. ‘मागून खडखडते’ अशी तक्रारही सांगितली होती. त्यांनी “जुनी गाडी आहे, वाजणारच” म्हणून परत पाठवली. एका रबराची किंमत ती काय असणार!

डोकेदुखीचे काय?

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे वळू. एक्झॉस्टची नळी गाडीच्या मागच्या टोकापर्यंत नेलेली असते ती केवळ आवाजासाठी नव्हे. माणसे बसली आहेत त्या डब्यापासून विषारी वायू दूर नेणे हे तिचे दुसरे काम, आणि खरे तर पहिले. पाइप मागच्या सीटखालीच फुटला तर वायू तिथेच सुटतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा रेणुभार २८ आणि हवेचा सरासरी २९, म्हणून तो वर जात नाही की खाली बसत नाही, हवेत सहज मिसळतो. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. म्हणून हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तात साठत जातो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. नेमकी तीच लक्षणे गाडी लागल्याचीही! घाटात ही गल्लत करणारे आम्हीच पहिले नसू.

कुणी विचारील, गाडीला उत्प्रेरक परिवर्तक नसतो का? असतो. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला, आणि पुढे तो सर्वत्र आला. कार्बन मोनॉक्साइडचे तो कार्बन डायऑक्साइड करतो. आमचा पाइप तर परिवर्तकाच्या मागे तुटला होता. पण परिवर्तकाला काम करायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे सुमारे २५०-३०० अंशांपर्यंत तापणे, आणि दुसरी म्हणजे पुरेसा ऑक्सिजन. गाडी पूर्ण जोर लावून घाट चढते तेव्हा इंजिनाला गरजेहून जास्त पेट्रोल दिले जाते. मग ज्वलन अपुरे राहते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि त्याला जाळायला परिवर्तकात ऑक्सिजन उरत नाही. त्यात परिवर्तक बारा वर्षांचा. पावसामुळे वेग कमी, म्हणून खालचा वायू वाऱ्याने उडून जात नव्हता. काचा बंद, आतलीच हवा फिरते आहे. आणि मिस्त्रींनी मागच्या पायतळाची चटई उचलली तेव्हा शेवटचा दुवाही सापडला. पत्र्याला पाणी निचरण्यासाठी ठेवलेल्या भोकाचे रबरी बूच गायब होते. भोकातून खालची ओली जमीन दिसत होती. आम्ही काही रक्त तपासले नाही, पण एवढी साखळी जुळल्यावर संशयाला फारशी जागा राहिली नाही. आम्हां पुढच्या दोघांना काही जाणवले नव्हते, कारण भोक मागच्या सीटपुढे होते.

आवाज वाढलेली गाडी चालवत नेणे भागच असेल तर सगळ्या काचा उघडाव्यात आणि पंखा बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवावा. डिकी उघडी ठेवून मात्र जाऊ नये. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि बाहेर पडलेला धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. कुणाचे डोके दुखू लागले तर गाडी थांबवून त्याला मोकळ्या हवेत आणावे. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, म्हणून दहा मिनिटांत बरे वाटले नाही तरी तर्क चुकला असे समजू नये. गुंगी वाढली किंवा शुद्ध हरपू लागली तर सरळ दवाखाना गाठावा, तिथे ऑक्सिजन देतात.

परिवर्तकाच्या अलीकडे गळती असेल तर आणखी एक गंमत होते. पाइपमधला दाब बारागणिक वर-खाली होतो आणि दोन बारांच्या मध्ये क्षणभर वातावरणाच्याही खाली जातो. त्या क्षणी भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. जवळच बसवलेला ऑक्सिजनचा संवेदक ती हवा पाहून ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असे इंजिनाच्या संगणकाला कळवतो, आणि संगणक बिचारा पेट्रोल वाढवतो. आवाजाबरोबर पेट्रोलचा खर्चही का वाढला, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

दुरुस्ती

मिस्त्रींनी गाडी थंड होऊ दिली. पाइपचा मागचा भाग त्यांनी गाडीखालून पूर्ण बाहेर काढला. पेट्रोलची टाकी तिथून वीतभर अंतरावर असताना गाडीखाली वेल्डिंग करायचे नाही, हा त्यांचा नियम होता. मग पेचकसाच्या मुठीने पाइपवर टकटक करत ते पुढे सरकले. चांगला पत्रा ‘टण’ वाजतो, सडलेला ‘थप’. जिथे टण लागले तिथपर्यंतचा भाग करवतीने कापून टाकला. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग टिकत नाही. पत्रा वितळून भोक मोठे होते आणि महिन्याभरात कडेने पुन्हा तुटते. दोन्ही टोकांवर चढेल अशी आखूड नळीची बाही बसवून तिच्या दोन्ही कडा सगळीकडून जोडल्या. घरगुती लांबी लावून भागेल का, असे आम्ही विचारले. ते नुसते हसले. साधी इपॉक्सी लांबी इतक्या उष्णतेपुढे तग धरत नाही. वाटेत अडकल्यास पत्र्याचा डबा कापून पाइपभोवती गुंडाळावा आणि दोन क्लिपांनी आवळावा. गॅरेजपर्यंत तेवढे पुरते. डब्याच्या आतले पडदेच सुटले असतील तर मात्र जोडकाम करू नये, डबा बदलावा.

मग तुटलेले रबर नवे घातले. बाकीची रबरे ओढून पाहिली, त्यात आणखी एक चिरलेले निघाले, तेही बदलले. शेवटी इंजिन चालू करून त्यांनी शेपटीच्या नळीवर फडके दाबले आणि आम्हांला कान लावून ऐकायला सांगितले. फुसफुस नव्हती.

पायतळाचे बूच त्यांच्याकडच्या एका जुन्या डब्यात सापडले. ते दाबून बसवताना ते बाईंना म्हणाले, “ताई, आता तुम्ही फुडं बसा, आणि कोल्हापूर येस्तोवर काच उघडीच असू द्या.” बाईंची डोकेदुखी रात्री उशिरा थांबली. डब्याचे आयुष्य फार उरलेले नाही, असे मिस्त्रींनी बजावले होतेच. दिवाळीत तो बदलला. जुना डबा आम्ही मागून आणला आणि करवतीने उभा कापला. आतून मूठभर गंजाची पूड आणि वाटीभर काळे पाणी निघाले. कप्पे, छिद्रांची नळी आणि बंद कप्पा आता कुणालाही नीट पाहता येतात.